यादोराव सालदाराचं मत

दिघोरीच्या यादोराव सालदाराला मी मारलं. लाल शाईच्या पेनानं. तेव्हा मी गावच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि मतदारयादीचं घरोघरचं काम आम्हा मास्तरांच्याच गळ्यात पडायचं.

या माणसाला शौक एकच, मत देण्याचा. वर्षभर तो सालगडी म्हणून कृष्णराव पाटलाच्या धानाच्या बांध्यांत राबायचा, पाटील म्हणेल त्याला 'हो जी' म्हणायचा. पण मतदानाच्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून रांगेत पहिला. "गुरुजी, त्या पुठ्ठ्याच्या आडोशाले पाटील येऊ शकत नाही," म्हणायचा. मत कोणाला दिलं, ते बायकोलाही सांगत नसे.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात अंगणात बसलेल्या यादोरावच्या डोक्याला कावळा शिवला. याहून वाईट अपशकुन नाही. त्यावर उतारा एकच: माणूस मेल्याचा खोटा निरोप बहिणीकडे पाठवायचा. ती रडत आली की मरण टळलं. तोवर खरं कोणी बोलायचं नाही. नेमका त्याच दुपारी मी यादी घेऊन दारात उभा. त्याची बायको शकुंतलाबाई खाली बघत म्हणाली, "हे गेले जी." शेजाऱ्यांनीही माना हलवल्या. घरातून रडण्याचा आवाज येत नव्हता, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण अजून चाळीस घरं बाकी होती. मी नाव खोडलं, 'मयत' लिहिलं, तिचा अंगठा घेतला. यादोराव आत तोंड दाबून हसत बसला होता.

चार दिवसांनी तो रस्त्यात धडधाकट भेटला. कागद तालुक्याला गेले होते. एक ओळ लिहून कळवलं असतं तर भागलं असतं. पण खात्री न करता नाव कसं खोडलं, हे साहेबानं विचारलं असतं. मी भित्रा माणूस. गप्प बसलो.

ऐंशीच्या जानेवारीतल्या निवडणुकीत त्याला मतदान केंद्रावरून परत पाठवलं. मग त्याच्या कचेरीच्या खेपा सुरू झाल्या. तिथला कारकून म्हणे, "ज्या बाईनं अंगठा दिला, तिनंच खोटं सांगितलं असं लिहून द्यावं." आणि शकुंतलाबाई तेवढंच करायला तयार नव्हती. मला म्हणाली, "खोटं होतं असं लिहून देलं, त टळलेलं मरण पलटून येईन, गुरुजी. मले माहा माणूस पाहिजे. मताचं काय करू?"

चार वर्षं त्या घरात नवराबायको एकमेकांशी धड बोलले नाहीत. मग एकदा ग्रामसभेत यादोराव तलावाच्या पाण्याबद्दल बोलायला उठला. पाटील हसून म्हणाला, "ग्रामसभा यादीतल्या लोकायची असते. मेलेल्याचं कोन आयकते? बस खाली." सगळी सभा हसली. लाज वाटते, मीही हसलो. यादोराव घरी गेला आणि दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी शकुंतलाबाई त्याच्यासोबत कचेरीत गेली आणि अंगठा देऊन आली.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर नवी यादी लागली. त्याचं नाव मीच त्याला वाचून दाखवलं. तीनदा वाचायला लावलं त्यानं.

नोव्हेंबरात धानकापणीच्या वेळी तो तापला आणि आठ दिवसांत गेला. डॉक्टर म्हणाले, हिवताप डोक्यात गेला. शकुंतलाबाईला कोणी विचारलंच नाही. ती मनात काय म्हणत असेल, ते मला ठाऊक आहे.

डिसेंबरात निवडणूक झाली. माझी ड्यूटी परगावी होती. दुसऱ्या दिवशी परतलो, तर शकुंतलाबाई माझ्या दारात बसलेली. आदल्या दिवशी मत द्यायला गेली तेव्हाचं सांगू लागली. केंद्रावरच्या परगावच्या साहेबानं तिचं नाव शोधलं, त्याच्या वरच्या यादोरावच्या नावावरची खूण पाहिली आणि कौतुकानं म्हणाला, "बाई, तुमचे मालक सकाळीच मत देऊन गेले."

तिथं पाटलाची माणसं बसली होती. एकानंही वर पाहिलं नाही.

"गुरुजी," ती मला विचारत होती, "त्यायच्या नावानं कोनाले देलं असन जी?"

"पुठ्ठ्याच्या आतलं कोणाला दिसते, बाई?" मी म्हणालो आणि आत निघून गेलो.