पिकू दिलेला मोतीबिंदू

शेजारचे रत्नाकरकाका माझ्याशी गप्पा मराठीत मारायचे, पण काही मागायचं झालं की हिंदीत शिरायचे. "सुनीताजी, थोड़ा दही मिलेगा?" आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीतलं असलं तरी मराठीच, आणि मी त्यांच्या मुलीच्या वयाची. पण आपल्या भाषेत मागितलं की नातं लागतं, आणि काकांना ते नको होतं. काकू गेल्यापासून जेवायला बोलावलं तरी त्यांचं पोट नेहमी भरलेलंच.

कारखान्यात इंजिनियर म्हणून जन्म गेला, आणि हा माणूस डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकू देत बसला. "अजून पिकला नाही गं." आंबा आहे का तो, मी म्हणायची. खरं कारण मला ठाऊक होतं. पुण्याच्या अंबरीशने सांगितलं होतं, "बाबा, मी आलो की करू." दिवाळी गेली, होळी गेली. शेवटी काका माझ्याच पायरीला अडखळून पडले, तेव्हा मी त्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी मशीनवर डोळ्याचा फोटो काढला. डोळ्याच्या पुढच्या काचेला आतून पेशींचा एक पातळ थर असतो, तो काचेत पाणी साचू देत नाही. "ये सेल एक बार गए तो दोबारा नहीं बनते," बाई म्हणाल्या. काकांच्या पेशी आधीच कमी होत्या. त्यात मोतीबिंदू दगडासारखा घट्ट. तो फोडायला जोर जास्त लागणार आणि त्याचा मार त्या थराला बसणार.

"पहले क्यों नहीं आए?"

"बेटा आने वाला था।"

मी अंबरीशला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

ऑपरेशनमध्ये बाईंनी थराला झाकायला डोळ्यात जेल भरली, मध्ये मध्ये थांबून पुन्हा भरली, घाई केली नाही. तरी पट्टी निघाली तेव्हा काकांना समोर नुसतं धुकं. काचेला सूज होती. उरलेल्या पेशींनी साथ दिली तर उतरेल, नाहीतर नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

थेंब मी घालायची. काका दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेले असायचे. फोन आला की म्हणायचे, "झकास दिसतंय रे!"

"खोटं कशाला बोलता?" मी एकदा चिडलेच.

"उगाच रजा टाकेल."

"टाकू दे की!"

"आणि नाही टाकली तर?"

घरी येऊन मी रडले.

मग एका सकाळी थेंब घालायला वाकले, तर काका म्हणाले, "आज टिकली हिरवी लावलीस?" माझ्या हातातली बाटली खालीच पडली.

त्याच संध्याकाळी फोन वाजला. काकांनी स्पीकर लावला. "बाबा, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी नक्की येतो. तोवर थांबा."

काका नेहमी म्हणत, "सावकाश ये." या वेळी म्हणाले, "ये ना. पण मी मंगळवार घेतलाय. हा पिकू देणार नाही."

काकांनी फोन ठेवला, चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं. आता हिंदी येणार, हे मी ओळखलं.

"सुनीता," ते म्हणाले, "मंगळवारी माझ्याबरोबर येशील का गं?"