बॅकअप : चार तास

सर्व्हरची डिस्क मरते. आज नाही तर उद्या, पण मरतेच. नव्या माणसाला मी हे सगळ्यांत आधी शिकवते. म्हणून देवरीच्या दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला, "मॅडम, सर्व्हर सुरूच होत नाहीये," तेव्हा मी घाबरले नाही. पुढचं ऐकून घाबरले. वॉर्डात सिकलसेलची नऊ वर्षांची मुलगी होती. हिमोग्लोबिन एकदम खाली आलेलं, रक्त चढवायचं होतं. पाच महिन्यांपूर्वी रक्त चढवताना तिला थंडी वाजून ताप भरला होता, आणि तपासणीत कळलं होतं की गट जुळला तरी सगळंच रक्त तिला चालत नाही. कोणतं चालत नाही, तो रिपोर्ट आमच्या सर्व्हरमध्ये होता. आईजवळचा कागद केव्हाच भिजून गेला होता.

"बॅकअप आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे ना. दर शनिवारी होतो. निघालेच मी."

मी फुलचूरला राहते आणि एका ट्रस्टच्या तीन दवाखान्यांचे सर्व्हर सांभाळते. नवी डिस्क पिशवीत टाकली आणि ट्रस्टच्या गाडीत बसले. पुढे धानाचा ट्रॅक्टर आला की ड्रायव्हरवर खेकसत होते, जसा काही ट्रॅक्टर त्यानेच आणून उभा केला होता.

देवरीला सर्व्हरकडे बघायला एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. पन्नाशीचे, आधी वायरमनचं काम केलेले, शब्दाचे पक्के. दर शनिवारी अकराला त्यांचा फोन येई. "मॅडम, बॅकअप चेक केला. फुल आहे." मी म्हणायची, "शाब्बास."

"भाऊ, बॅकअप काढा," गेल्या गेल्या मी म्हणाले.

"काढाले कायले पायजे? चालूच आहे ना. या, दाखवतो."

ते मला जिन्याखाली घेऊन गेले. तिथे इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या. लख्ख पुसलेल्या, टोकांना ग्रीस लावलेलं, बाजूला डिस्टिल्ड वॉटरचा डबा. "लाइन गेली तरी चार घंटे बॅकअप देते. दर शनिवारी मी सोताच पाणी टाकून राहिलो."

बाप्पा! आमच्याकडे घरोघरी बॅकअप म्हणजे हेच. 'तुमच्या इन्व्हर्टरचा बॅकअप किती?' असं मीही शेजारणीला विचारते. पण त्या घडीला हे सुचायला डोकं ठिकाणावर हवं ना! तळपायाची आग मस्तकात गेली. नर्स, पेशंट, सगळ्यांसमोर मी त्या माणसावर ओरडले. "आठ महिने काय दिवे लावले तुम्ही? डेटाचा बॅकअप, भाऊ! नोंदींची नक्कल! अक्कल गहाण ठेवली होती का?"

भाऊ वळले. आत जाऊन रजिस्टर घेऊन आले आणि माझ्यासमोर उघडलं.

'बॅकअप' हा रकाना मीच आखलेला. त्याखाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात दर शनिवारची नोंद. चार तास. चार तास. पावणेचार तास, पाणी टाकले. आणि दर महिन्याच्या भेटीत, प्रत्येक पानाखाली, माझी सही. नोंदींच्या नकलेला कुठे तास असतात? मी एकदाही वाचलं नव्हतं. भाऊंच्या आधी तिथे जी बाई होती तिला मी दोन दिवस शेजारी बसून शिकवलं होतं. ती नोकरी सोडून गेली, भाऊ आले, आणि त्यांना मी फोनवर एवढंच सांगितलं की बॅकअपकडे लक्ष ठेवा. त्यांनी ठेवलं होतं.

नक्कल घ्यायची डिस्क कपाटात, डब्यात तशीच पडलेली. तिच्यातली शेवटची नक्कल आठ महिन्यांपूर्वीची. मी सर्व्हरला नवी डिस्क बसवली, जुन्या नोंदी भरायला लावल्या. दोन तास त्या पडद्यावरून नजर हलवली नाही. मुलीचं नाव आलं, गाव आलं. रिपोर्ट नाही. पाच महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट आठ महिन्यांपूर्वीच्या नकलेत कुठून येणार?

डॉक्टर माझ्या भरवशावर थांबले नव्हते, हे नशीब. गोंदियाच्या लॅबवाल्यांनी जुना रिपोर्ट शोधायला उद्या उजाडेल म्हणताच त्यांनी नवा नमुना अँब्युलन्सने पाठवला होता. तो तपासणार, जुळणारी बाटली सापडली तर ती येणार. तोवर मी वॉर्डाच्या दारात. पोरीचे ओठ पांढरे, छाती भरभर वरखाली होत होती. नर्स येई, नाडी बघे आणि कोणाशी नजर न मिळवता निघून जाई. इतकी मी जन्मात कधी भ्याले नव्हते.

अँब्युलन्स संध्याकाळी आली. बाटली लागली आणि आम्ही सगळे त्या पोरीच्या अंगाकडे बघत उभे राहिलो, थंडी वाजते का म्हणून. पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. वाजली नाही.

मग तिची आई माझ्याजवळ आली. "मॅडम, मशीन तुमची बिघडली, त माह्या पोरीचं रक्त काऊन थांबून राहिलं होतं?"

भाऊ मागेच उभे होते. "चूक माही आहे," ते म्हणाले.

'तांत्रिक बिघाड' हे दोन शब्द माझ्या जिभेवर तयारच होते. आजवर किती वेळा वापरलेत, देव जाणे.

"नाही, ताई," मी म्हणाले. "चूक यांची नाही. यांना शिकवायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. हे लिहीत होते आणि मी न वाचता सही करत गेले."

वाटलं, आता शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या.

"मंग आता वाचत जा," ती म्हणाली. "आमाले त इथंच या लागते."