सुवेरातल्या तलवारी

सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत शूर पुरुषांची टंचाई कधीच नव्हती. पाण्याची होती, संडासांची होती; शौर्य मात्र घरोघरी. आणि एवढे शूर या जगात आणायचं काम एकट्या भागीरथीबाईचं, कारण ती सुईण होती.

ती मूळची शिंदखेड्याकडची. नवरा छगन शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणात चुलतभावाच्या कुऱ्हाडीनं गेला. 'मर्दासारखा मेला' म्हणून गावानं तिची समजूत काढली. त्या शब्दांचा तिला जन्मभर संताप होता. मर्दासारखा मेलेला माणूस दळण आणत नाही की पोराला खांद्यावर घेत नाही. ती लहानग्या धुडकूला घेऊन सुरतेला आली. पोरगा मोठा झाला, कापडाच्या लूमवर लागला आणि थेट बापासारखी छाती काढून चालू लागला.

त्र्याहत्तरच्या श्रावणात कानबाईच्या विसर्जनावरून पेटलं. मिरवणूक आधी कोणाची, आमच्या गल्लीची की पलीकडच्या? दोन्हीकडचे खानदेशीच, बोली एक, देवीही एकच. देवी बाई, तिला डोक्यावर घेऊन चालणाऱ्याही बायाच; तिचा मान राखायला तलवारी मात्र पुरुषांना हव्या होत्या. फौजदारानं शांतता समिती नेमली. तिच्यात आमच्याकडून धुडकू आणि पलीकडून लोटू, म्हणजे ज्यांची डोकी सगळ्यात आधी फिरली होती तेच. भागीरथी बैठकीला गेली तर 'मावशी, तुम्ही चहाचं पाहा' म्हणाले. समितीनं गाठिया खाल्ला, बंधुभावाच्या शपथा घेतल्या आणि घरी जाऊन तलवारींना धार लावली.

बायाही काही सगळ्या शांतिदूत नव्हत्या. मालतीबाई ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या तरुणांना विचारायच्या, "बांगड्या पाठवू का रे?" त्यांना स्वतःला मुलगा नव्हता, त्यामुळे दुसऱ्यांची पोरं लढवायला त्यांचा हात सढळ होता.

पोलिसांच्या झडतीची कुणकुण लागली, तेव्हा धुडकूला अक्कल सुचली. शेजारच्या उखाची बायको शोभा नुकतीच बाळंत झाली होती. बाळंतिणीच्या खोलीत कोण पोलीस शिरणार? भागीरथीचा मुक्काम तिथंच. तिनं तलवारी आणि सळया आत घेतल्या, बाजेखाली सरकवल्या. पोलीस आले आणि दारातूनच परत गेले. धुडकू आईवर बेहद्द खूश झाला.

विसर्जनाच्या सकाळी पलीकडच्या गल्लीत वाजंत्री सुरू झाली. आमचे वीर धावत उखाच्या दाराशी आले.

"माय, तलवारी दी दे," धुडकू म्हणाला.

"मझार ये अन् ली जाय."

सगळे जागच्या जागी थांबले. बाळंतिणीचं सुवेर! आत पाऊल टाकलं की विटाळ, आणि विटाळ झालेल्याला कानबाईच्या जवळ फिरकता येत नाही. लपवताना एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नव्हती. मग त्यांनी उखाला पुढं ढकललं. बाप म्हणून त्याला सुवेर होतंच.

भागीरथी उंबऱ्यात उभी राहिली. "उखा दी काढीसन. पन इटायन्या तलवारी लीसन कानबाईम्होरे कोन नाची?"

विटाळलेल्या तलवारी हातात घ्यायला कोणीच पुढं येईना. माणसाचं मुंडकं उडवायला निघालेले गडी एका तान्ह्या बाळाच्या उंबऱ्याशी अडले. खुनाचं पाप चालणार होतं, विटाळ चालणार नव्हता.

धुडकू चवताळला. "माले नामर्द म्हनतीन!"

"तुन्हा बाप मर्दसारखाच मरना," भागीरथी म्हणाली. "माले मर्द नको. माले पोऱ्या जित्ता जोयजे." ती रडत होती, पण उंबऱ्यावरून तसूभर हलली नाही.

पलीकडची मिरवणूक आधी गेली. लोटूच्या माणसांनी तलवारी उगारल्या खऱ्या, पण अंगावर यायला कोणीच नाही म्हटल्यावर ओशाळून खाली घेतल्या. दुपारी फौजदारानं शांतता राखल्याबद्दल धुडकूच्या गळ्यात हार घातला. समितीचं फार कौतुक झालं.

संध्याकाळी भागीरथीनं आंघोळ करून त्याला वाढलं. तो ताटाकडे बघेना.

"लोके माले हासतस, माय."

"हासू दे. जित्ता शे ना? जेव."

तो रागारागानं जेवला. ती समोर बसून त्याचा प्रत्येक घास पाहत राहिली.