नणंदबाईंच्या टाचण्या

आमच्या नणंदबाई शिवणकाम करतात. मशीनवर बसल्या की टाचण्या अंगातल्याच कपड्यावर, डाव्या बाजूला छातीशी खोचून ठेवायच्या, ही त्यांची वीस वर्षांची सवय. एक दिवस पाहते तर टाचण्या उजवीकडे.

"ताई, बाजू का बदलली?"

मशीन थांबलं. डाव्या स्तनात गाठ होती, तीन महिन्यांपासून. तिथे हात लावायचीसुद्धा त्यांना भीती वाटत होती.

"दुखत नाही गं. शाळेचे गणवेश एकदा होऊन जाऊ देत, मग दाखवते."

"गणवेश झाले की पडदे येतील. पडदे झाले की कोणाचा तरी कोट."

"आणि खरंच काही निघालं तर?" हे मात्र त्या अगदी हळू बोलल्या.

गणवेशांचं नुसतं निमित्त होतं तर! मी वाकून मशीनचा पट्टा काढला आणि पर्समध्ये टाकला. "डॉक्टरांना दाखवलं की परत मिळेल."

"दिवसाढवळ्या दरोडा! भाऊ माझा गरीब गाय आणि बायको ही अशी," असं पुटपुटत त्यांनी चपला घातल्या.

तपासणीत कॅन्सरच निघाला. डॉक्टर म्हणाले, "आधी यायला हवं होतं, पण अजून हाताबाहेर गेलेलं नाही." ऑपरेशन सोमवारी ठरलं.

"वहिनी, तू आत येशील ना?"

"आत मला कोण घेणार? दारापर्यंत येते."

"मग दारातच बस. चहालासुद्धा हलायचं नाही."

सोमवारी चार तास मी ऑपरेशन थिएटरच्या दाराजवळच्या बाकावरून हलले नाही.