एक ते चार पाडकाम बंद

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे धूळकाका म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तेही खुशाल ओ देत.

एखादी इमारत पाडायची परवानगी मिळते तेव्हा तिच्यामागे अटींचं लांबलचक शेपूट असतं. त्यातली एक अट ठरलेली: काम सुरू करण्यापूर्वी व्यवस्थापन आराखडा सादर करून मंजूर करून घ्यावा. म्हणजे ट्रक कुठून येणार, त्यांची चाकं कुठे धुणार, राडारोडा कुठे जाणार, धुळीवर पाणी कोण मारणार, आणि शेजाऱ्यांना ओरडायचंच झालं तर त्यांनी कोणत्या नंबरवर ओरडायचं. हे सगळं धूळकाका लिहीत. त्यांचा कागद मंजूर होईपर्यंत पोकलेनचा ड्रायव्हर तंबाखू मळत बसून राही. काका म्हणत, "एवढं मोठं धूड माझ्या शब्दाखातर थांबतं. घरी मांजरसुद्धा ऐकत नाही."

असा आराखडा कोऱ्या कागदावर कोणी लिहीत नाही. जुना उघडायचा, नाव-पत्ता बदलायचा, नको ते खोडायचं. एकदा काकांकडून 'शाळा सुटताना ट्रक आणू नयेत' हे वाक्य खोडायचं राहून गेलं. त्या भागात शाळाच नव्हती. तरी काम संपेपर्यंत रोज ट्रक कोपऱ्यावर मुकाट उभे राहिले, नसलेल्या पोरांना वाट देत. का म्हणून कोणी विचारलं नाही. लिहिलंय म्हणजे असेल. ही गोष्ट सांगताना काका इतके हसत की चष्मा काढून पुसावा लागे.

मग ते जुन्या शीतगृहाचं काम आलं. थंडी आत कोंडून ठेवायची म्हणून हातभर जाड भिंती. त्या फोडायच्या म्हणजे ब्रेकरची धडधड दिवसभर चालणार. आणि रस्त्यापलीकडे, घर क्रमांक अकरामध्ये, काकांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली.

ताईचं दुखणं बरं होणारं नव्हतं. डॉक्टरांनी ते सांगून टाकलं होतं आणि ताईने ते सगळ्यांच्या आधी पचवलं होतं. रात्रभर कळा. दुपारी औषध अंगात भिनलं की जेमतेम तीन तास डोळा लागायचा. तेवढीच काय ती सुटका.

आराखड्याआधी आजूबाजूची घरं फिरून कुठे तान्हं बाळ आहे, कुठे आजारी माणूस आहे, ते टिपून घ्यावं लागतं. काका वही घेऊन अकरा नंबरातही गेले.

"घरात कोणी आजारी?" त्यांनी दारातूनच सरकारी आवाजात विचारलं.

"नाही बुवा," पलंगावरून ताई म्हणाली. "मी नाचायला निघालेय. हे तेवढे बांगड्या शोधतायत."

'हे' म्हणजे दाजी, ताईचे यजमान. ते उशीचा अभ्रा बदलत होते. हसले नाहीत.

"ताई, दुपारची मशीन बंद ठेवायला लावतो."

"लाव. आणि हे बघ, त्या शीतगृहाला म्हणावं घाई करू नकोस. आमच्यात आधी कोण पडतं ते मला बघायचंय."

काकांनी वहीत मान खुपसली.

आराखड्यात त्यांनी लिहिलं: दुपारी एक ते चार पाडकाम बंद. कारण, घर क्रमांक अकरा, आजारी रहिवासी, दुपारची झोप. नियोजन खात्याच्या बाईंनी भुवया उंचावल्या. "झोपेला काही पुरावा?"

"बाई, झोपेचा दाखला डॉक्टर देत नाहीत. गोळी देतात. ती जोडू का?"

"त्या रुग्ण तुमच्या कोण?"

"सख्खी बहीण," काका म्हणाले. "तेही लिहिलंय खाली."

बाईंनी वाचलं, आणि सही केली.

कंत्राटदार मात्र उखडला. "ऐन भरातले तीन तास? काका, मी भिंत पाडू का तिला अंगाई म्हणू?" पण अट ती अट. काम सुरू झालं. एकला ब्रेकर थांबायचा आणि ताईचा डोळा लागायचा. एकदा ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न वाजवणार, तर कंत्राटदारानेच त्याला दरडावलं, "हळू रे! समोर माणूस झोपलंय!"

शीतगृहाची मागची भिंत अजून उभी होती तेव्हा ताई गेली. दुपारीच गेली, त्या शांततेत, झोपेतच.

काका चार दिवसांनी कामावर आले. टेबल पुसलं, फाइल उघडली, पुन्हा बंद केली. तिकडे शीतगृहावर ब्रेकर अजून रोज एकला थांबत होता. आता आजारी कोणी नव्हतं, म्हणजे काकांच्याच नियमाने ती अट काढायला हवी होती. दोन ओळींचं पत्र, बस्स. पण पत्रात 'कारण' लिहावं लागतं. काका पेन उघडायचे, 'कारण' लिहायचे, पुढे दोन टिंबं द्यायचे आणि चहाला जायचे. कंत्राटदाराने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मीच एकदा म्हटलं, "काका, ते पत्र मी लिहू का?"

"राहू दे," ते म्हणाले. "शाळा नव्हती तिथे थांबलेच होते की."

आणि या खेपेला हसले नाहीत.

एकदा दुपारी ते दाजींकडे गेले. पलंगावरची गादी गुंडाळून भिंतीशी लावलेली. दाजी खिडकीपाशी बसले होते. बाहेर सगळं थंड. नळाचा थेंब पडलेला ऐकू येत होता.

"दाजी, जेवलात का?"

"जेवलो." थोड्या वेळाने म्हणाले, "ते मशीन तुझ्या सांगण्यावरून थांबतं ना रे?"

"हो."

"मग चालू करायला सांग, बाबा. सकाळी दणदण असते तेव्हा ठीक असतं. एक वाजला की सगळं गप्प होतं, आणि मी पाय न वाजवता चालायला लागतो. भांडं हळू ठेवतो. परवा शिंक आली ती तोंड दाबून दिली. कोणासाठी?" त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. "ही शांतता नको मला. काढून टाक."

काकांनी खिशातून पेन काढलं. मग तिथेच, गुंडाळलेल्या गादीला टेकून, त्यांनी पत्र लिहिलं. कारण: घर क्रमांक अकरा येथील रहिवाशाची विनंती.

मंजुरी आली त्या दिवशी काका मुद्दाम दाजींकडे जाऊन बसले. एक वाजला. ड्रायव्हरने सवयीने इंजिन बंद केलं. खालून कंत्राटदार काहीतरी बोलला, हळू आवाजात. ड्रायव्हरने एकदा खिडकीकडे बघितलं आणि मग ब्रेकर पुन्हा सुरू झाला. टेबलावरचे चहाचे कप बशीत थरथरू लागले.

दाजी झटकन उठले आणि खिडकी लावायला धावले. अर्धी लावली. मागे वळून रिकाम्या पलंगाकडे बघितलं.

मग सावकाश ती पुन्हा उघडली, पूर्ण.