दोन आठवडे तोच घेर

आमचे बाबा पाय करायचे. शाळेत कुणी वडिलांचं काम विचारलं की मी "कारखान्यात असतात" एवढंच सांगून मोकळी व्हायचे. खरं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "कुणाचे पाय?", आणि मग अख्खा वर्ग माझ्याच पायांकडे टक लावून बघायचा.

कारखाना म्हणजे इस्पितळाच्या मागच्या अंगाला तीन खोल्या. पहिलीत माप आणि प्लास्टर. दुसरीत कानशी, भट्टी आणि कितीही झाडलं तरी न संपणारी पांढरी धूळ. तिसरीत कमरेच्या उंचीचे दोन समांतर दांडे आणि समोर उंच आरसा, जिथे माणूस नव्या पायावर पहिल्यांदा उभा राहायचा. बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. आई त्यांना सतरंजीसारखं दाराबाहेर झटकायची आणि मगच आत घ्यायची.

इस्पितळात त्यांना सगळे कडू काका म्हणायचे, तेही तोंडावर. कारण नवा माणूस आला की बाबा आधी माप घ्यायचेच नाहीत. समोर बसून काय जमेल आणि काय जमणार नाही, ते सांगून टाकायचे. घरांची छपरं दुरुस्त करणारा एकजण आला होता. त्याने विचारलं, "छपरावर चढेन ना?"

"नाही," बाबा म्हणाले. "जिना चढशील. कठडा धरून."

त्याच्या बायकोने बाबांना तिथेच फैलावर घेतलं. "जिभेला काही हाड आहे का तुमच्या? माणूस मरता मरता वाचलाय!" बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग टेप काढली.

मीही एकदा चिडून विचारलं होतं, थोडं गोड बोललात तर काय बिघडतं? ते म्हणाले, "पळशील म्हणून सांगितलं, तर चालायला लागल्यावरही माणूस रडतो. पाय कोपऱ्यात टाकून देतो. दारापर्यंत जाशील म्हणून सांगितलं, तर चौकापर्यंत जाऊन येतो आणि वर मलाच शिव्या घालतो. मला शिव्या चालतात." छपरवाल्याने पुढे खिळे-पत्र्यांचं दुकान टाकलं. दर वर्षी पट्टा बदलायला आला की दारातूनच ओरडायचा, "काय कडू काका, आहात का अजून?" बाबा दिवसभर खुशीत असायचे.

त्यांचा दुसरा हट्ट मापाचा. पाय कापल्यावर उरलेल्या भागाला सूज असते. घट्ट पट्टी बांधली तरी ती आपल्या चालीनेच उतरते. घाईने साचा घेतला तर आधी पाय छान बसतो, पण मग सूज उतरते, पाय आत ढिला पडतो आणि हाडाचं टोक तळाला घासत राहतं. म्हणून दर सोमवारी एकाच खुणेवर घेर मोजायचा, वहीत लिहायचा, आणि दोन आठवडे तोच आकडा आला तरच साचा. कुणी गयावया केली, कुणी मोठ्या साहेबांची चिठ्ठी आणली, तरी बाबा हलायचे नाहीत. "ती चिठ्ठी सुजेला दाखवा," म्हणायचे.

ती वही मी लिहायचे. माझं शिक्षण अर्ध्यावर सुटलं तेव्हा बाबांनी मला तिथेच नोंदींना बसवलं होतं.

माझी ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती बसवर कंडक्टर होती. आवाज असा की तिने घरात "पुढे सरका" म्हटलं तर आईसुद्धा ओट्याजवळून सरकायची. चालत्या बसमध्ये कशालाही न धरता उभं राहून तिकिटं फाडायची, आणि या गोष्टीचा तिला भलताच तोरा होता. एका सकाळी डेपोत मागे येणाऱ्या बसचं चाक तिच्या डाव्या पावलावरून गेलं. नडगीच्या मध्यावर पाय कापावा लागला.

"गुडघा आहे," बाबा बाहेर येऊन आईला म्हणाले. पुन्हा म्हणाले, "गुडघा वाचलाय." आईला त्याचा अर्थ कळला नाही, पण मला कळला. गुडघा असला की माणूस पायऱ्या चढतो, धक्का बसला तर तोल सावरतो. गुडघा गेला की सगळं गणितच वेगळं.

महिन्याभराने डेपोतून पत्र आलं. अपघातापासून चार महिन्यांत कामावर हजर व्हा आणि चालत्या बसमध्ये उभं राहता येतं हे दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. ताईने पत्र दोनदा वाचलं आणि बाबांना विचारलं, "बसवर जाईन ना मी?"

मी तिथेच होते. बाबा उभ्या उभ्याच म्हणाले, "जाशील. पहिल्यासारखी."

'पहिल्यासारखी' हा शब्द त्यांच्या तोंडून मी आयुष्यात ऐकला नव्हता. जेवताना आई म्हणाली, "लोकांच्या लेकरांना जे सांगता ते हिलाही सांगा की."

"घरात कारखाना आणू नकोस," बाबा खेकसले. मी भातात बोटं फिरवत राहिले.

ताईचं माप घरीच घ्यायचं ठरलं. आठव्या आठवड्यात घेर आला तीस सेंटीमीटर. पुढच्या सोमवारीही तीसच आला की साचा. त्या आनंदात ताईने पुढचा आठवडाभर कुबड्यांवर नुसता धुमाकूळ घातला, दारातून खिडकीशी, खिडकीतून दारात. नवव्या सोमवारी पाय पुन्हा सुजलेला होता. मोजायचीही गरज नव्हती, दिसत होतं. बाबांनी खुणेवर टेप लावली. एकतीसच्या पुढे. त्यांनी अंगठ्याने टेप ओढली. आणखी ओढली. त्यांचं नख पांढरंफटक पडलं.

"तीस," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी तीस लिहिलं.

पाय पंधरा दिवसांत तयार झाला. इतका देखणा पाय बाबांनी कधी केला नसेल. ताईच्या दुसऱ्या पायाशी रंग जुळावा म्हणून तीनदा रंगवला. ती दांड्यांमध्ये उभी राहिली, दोन्ही हात सोडले आणि आरशाकडे बघून म्हणाली, "चला, पुढे सरका!" कारखान्यातले सगळे हसले. पट्टे शिवणाऱ्या मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या बाबांच्या हाताखाली अकरा वर्षं साचे घ्यायला शिकल्या होत्या. त्यांनी हळूच मला विचारलं, "वहीत घेर काय आहे गं?" मी म्हटलं, "तीस. दोन्ही वेळा." त्या पुन्हा दोरा ओवायला लागल्या.

बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "घासतंय का?" ताई म्हणायची, "नाही." कापलेल्या टोकाशी तिला धड काही जाणवतच नव्हतं. पाय काढताना हाताला ओलसर लागलं की ती त्या टोकावर आणखी एक मोजा चढवायची. एकदा खरं सांगितलं की बाबा पाय काढून घेतील, आणि हातात उरलेत पाच आठवडे. इतर कुणाचा पाय असता तर बाबांनी रोज समोर उघडून बघितला असता. हिचा पाय ती तिच्या खोलीत दार लावून काढायची, आणि बाबा लावू द्यायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

एकविसाव्या दिवशी धुण्याच्या बादलीत तळाशी दडपलेला मोजा माझ्या हाती आला. त्याचा वास सांगण्यासारखा नाही.

जखम हाडापर्यंत पोचली होती. औषधांनी दहा दिवस झुंज दिली. शेवटी डॉक्टर म्हणाले, गुडघ्याच्या वर जावं लागेल. ऑपरेशनला नेताना ताईने विचारलं, "बाबा, गुडघा राहील ना?"

"डॉक्टर बघतायत," बाबा म्हणाले. हे वाक्य बोलणाऱ्या लोकांना ते जन्मभर नावं ठेवत आले होते.

गुडघा गेला.

त्या आठवड्यात एकदा कारखान्यात आम्ही दोघंच होतो. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. "बाबा, मी तीस लिहिलं."

"मी सांगितलं म्हणून लिहिलंस."

"मला सूज दिसत होती."

"मलाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते ताईच्या खाटेशी गेले. मला वाटलं होतं, काहीतरी गुळमुळीत बोलतील. त्यांनी सरळ सांगितलं, "सूज होती. मी टेप ओढली. तुझी नोकरी जाईल म्हणून ओढली. गुडघा माझ्यामुळे गेला." मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. माझं तोंड उघडलं नाही. आजही त्याची मला लाज वाटते. ताईने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि चार दिवस ती कुणाशीही बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ती आईशी, आणि तेही पाणी मागायला.

डेपोने जागा भरली. पत्राच्या शेवटी एक ओळ होती. पुढे कधी प्रकृती सुधारली तर नव्याने अर्ज करावा. ताईने ते पत्र उशीखाली ठेवलं. मला ते फाडून टाकावंसं वाटत होतं.

नव्या पायाच्या मापाची वेळ आली तेव्हा बाबांनी टेप काढली. ताई म्हणाली, "तुम्ही नाही. मावशी करतील."

बाबा थांबले.

"तुम्हाला मी दिसते," ती म्हणाली. "पाय दिसत नाही."

त्यांनी टेप मावशींकडे दिली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. तेवीस वर्षांत त्यांनी गावभरच्या लोकांना पाय लावले होते, आणि स्वतःच्या लेकीच्या पायाला हात लावायची त्यांना मनाई झाली. मला त्यांची कीव आली आणि रागही तितकाच आला. खरं सांगते, तो राग अजून गेलेला नाही. थोडा त्यांच्यावर आहे, थोडा माझ्यावर.

मावशींनी चौदा सोमवार मोजले. दोनदा आकडा जुळत आला आणि पुन्हा हलला. ताई चिडायची, रडकुंडीला यायची. मावशी टेप गुंडाळून म्हणायच्या, "पुढच्या सोमवारी बघू." बाबा तेव्हा दुसऱ्या खोलीत दुसऱ्यांचे साचे घासत असायचे. कानशीचा आवाज मध्येच थांबायचा, आकडा ऐकू आला की पुन्हा सुरू व्हायचा.

पाय झाला त्या दिवशी ताई दांड्यांमधून सहा पावलं गेली. प्रत्येक पावलाला तिला कंबर उचलून पाय पुढे फेकावा लागत होता. सातव्या पावलाला खोटा गुडघा अचानक दुमडला आणि ती दांड्यावर आदळली. मावशी धावल्या. ताईने हाताने त्यांना थोपवलं, स्वतःला वर ओढलं आणि दाराकडे बघून हाक मारली, "बाबा, आत या."

बाबा आत आले.

"मी बसमध्ये उभी राहीन का?"

बाबांनी पायाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"नाही राहणार," ते म्हणाले. "बसमध्ये चढशील, सीटवर बसशील. पण चालत्या गाडीत हात सोडून उभं राहणं जमणार नाही. ते काम गेलं."

ताई रडली. पाय गेला तेव्हा, गुडघा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. गळा फाडून, आमच्या सगळ्यांसमोर, दांडे दोन्ही हातांनी घट्ट धरून. बाबा जागचे हलले नाहीत. तिच्याजवळ गेले नाहीत, उगी उगी म्हणाले नाहीत. मी पुढे झाले तर मला त्यांनी हाताने अडवलं.

बऱ्याच वेळाने ताईने बाहीने नाक पुसलं. "घरात काठीशिवाय?"

"सहा महिन्यांनी. सपाट जमिनीवर."

"डेपोच्या खिडकीवर बसून पास द्यायचं काम?"

"जमेल. पण दिवस संपेपर्यंत मांडी सोलवटेल. पहिलं वर्ष रोज."

"आणि मी पाय उघडून दाखवला नाही तर?"

"तर मी दार तोडेन," बाबा म्हणाले.

ताईने मान हलवली. मग दांडा सोडून तो हात तिने बाबांपुढे धरला. "धरा. पुन्हा सहा पावलं जाऊ."