दोन डावे पंख

"पंखा नको, लाकूड उडून जाईल." आमच्या खालच्या मजल्यावरचे मामा पाहुण्याचं स्वागत या वाक्याने करायचे. वेस्ट मांबलममधला मे महिना. पाहुणा घामाने निथळत आत यायचा, त्याची नजर छताकडे जायची, आणि मामा हात वर करून त्याला तिथेच थोपवायचे. तुम्ही चेन्नईत एक उन्हाळा जरी काढला असेल तरी हा पाहुणचार कसा असेल ते तुम्हाला सांगायला नको. पाहुणे लवकर उठायचे. मामांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

उडून जाणारं लाकूड म्हणजे बाल्सा. नख लावलं तर खूण उमटेल इतकं मऊ, आणि हातात घेतलं तर हातात काही आहे असं वाटू नये इतकं हलकं. जेवणाच्या टेबलावर त्याच्या पातळ पट्ट्या पसरलेल्या असत आणि मामा त्यातून विमान बांधत असत. शोकेसमध्ये ठेवायचं नव्हे, रिमोटवर खरोखर उडणारं. टेबल कायमचं अडलेलं असल्यामुळे त्या घरात सगळे जमिनीवर बसून जेवत. मामी म्हणायच्या, "विमानामुळे आमचे गुडघे शाबूत आहेत की."

हे माझे सख्खे मामा-मामी नव्हेत. आमच्या गल्लीत केस पांढरे झालेला प्रत्येक पुरुष मामा आणि त्याची बायको मामी. पेरुंगुडीतल्या नोकरीसाठी मी साताऱ्याहून इथे आले, त्या आठवड्यात जिन्यात उभी राहून फोनवर आईशी भांडत होते. दार उघडून मामा बाहेर आले, सगळं भांडण शांतपणे ऐकून घेतलं आणि मी फोन ठेवल्यावर म्हणाले, "आम्हीपण मराठीच. तंजावूरचे. तुमची मराठी फार जोरात आहे. कॉफी होणा?" होणा म्हणजे हवी का. पिढ्यानपिढ्या तिकडे राहिलेल्या त्या मराठीला तमिळची चाल होती आणि तिच्यात कोणावर ओरडायची सोयच नव्हती.

मामा संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. "जन्मभर मी प्लॅन काढला, दुसऱ्यांनी बांधलं," ते म्हणायचे. "आता दुसऱ्यांचा प्लॅन, मी बांधतो. फिटलं." विमानाचा प्लॅन म्हणजे टेबलभर पसरणारा मोठा कागद. त्यावर विमानाचा प्रत्येक भाग खऱ्या मापात काढलेला असतो. त्याच्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरायचं, रेषेवर पट्टी ठेवायची, टाचण्या टोचायच्या, गोंद लावायचा, वाळू द्यायचं. पट्ट्या धरून ठेवायला मला बोलावलं जाई. ऑफिसात दिवसभर स्क्रीनकडे बघून आंबलेल्या माणसाला गोंद वाळेपर्यंत गप्प बसणं किती बरं वाटतं, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

या कामात एक खोच असते, ती समजून घ्या. प्लॅनवर पंख एकच काढलेला असतो, डावा. उजवा त्याच्याच उलट, म्हणून तो काढत बसत नाहीत. डावा पंख झाला की मामा कापसाच्या बोळ्याने कागदाला खोबरेल तेल चोळायचे. कागद तेल पिऊन आरपार दिसायला लागला की तो पालथा घालायचा. मागून दिसतो तो उजवा पंख. कागद पालथा घालायला विसरलात तर दोन्ही पंख डावे होतात, म्हणजे दोन्ही चपला डाव्या पायाच्या. एक पंख मोडून नव्याने बांधण्यावाचून त्याला इलाज नाही. नवशिके ही चूक हमखास करतात, आणि मामांनी तर तिची शिवीच करून टाकली होती. दुधाची पिशवी चुकीच्या घरी टाकणारा दूधवाला दोन डावे. चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधणाऱ्या मामी दोन डावे. माझ्या कंपनीतल्या साहेबाची हकीकत ऐकल्यावर मामांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "हा तीन डावे."

गेल्याच्या गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांनी आजवरचं सगळ्यात मोठं विमान बांधायला घेतलं. धड झालं, शेपूट झालं, डावा पंख झाला, मग दुसराही झाला. एका रविवारी दुपारी मला बोलावणं आलं, "हात दे मा, आज जोडू." मा म्हणजे पोरी, तमिळ लाडाने म्हणतात तसं. त्यांनी दोन पंख धडाच्या दोन बाजूंना ठेवले. एकाची गोल कड पुढे आली, दुसऱ्याची मागे गेली. दुसरा फिरवला, तर त्याचं पोट वर आलं.

मी हसले. हसू येणारच. "मामा, दोन डावे," म्हटलं. मामाही हसले, पण जरा उशिरा. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मामी मात्र हसल्या नाहीत.

मामांनी नवा पंख बांधायला घेतला. तोही डावा झाला. पुढचाही डावाच. प्रत्येक पंख बघत राहावा इतका सुबक, एकही सांधा सैल नाही. हातांना सगळं येत होतं. तेल चोळल्यावर कागद उलटायचा, एवढी एक पायरी मधून निघून गेली होती. जोडायची वेळ आली की ते दोन्ही पंख हातात घेऊन बराच वेळ बघायचे, मग म्हणायचे, "प्लॅन चुकीचा आहे."

मामींनी तेव्हा मला सांगितलं. मांबलम स्टेशनवर गाडीतून उतरून मामा पुलावर उभेच राहिले होते, घर कोणत्या बाजूला ते कळेना म्हणून. फुलवालीने ओळखून आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले होते, विसरणं वाढतच जाणार, गोळ्यांनी फार तर वेग कमी होईल. हे सांगताना मामी घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या. "बरे होणार नाहीत, ते मला समजलं," त्या म्हणाल्या. "माझं एवढंच. हे विमान आपलं आहे हे त्यांना कळतंय, तोवर ते उडालेलं त्यांनी बघावं. मग काय होतं ते होऊ दे."

एवढंच मागणं होतं. मला वाटलं, त्यात काय कठीण? मी हुशार. मी मामींना म्हटलं, ते आंघोळीला गेले की कागद आपणच उलटून ठेवू. ठेवला. मामा आंघोळ करून आले, कपाळाला गंध लावलं, टेबलापाशी बसले आणि चष्मा पुसून कागदाकडे बघत म्हणाले, "हे कोणी पालथं घातलं?" आणि जन्मभर प्लॅन नीट मांडलेल्या हातांनी त्यांनी तो व्यवस्थित सुलटा केला, कोपरे सरळ केले, टाचण्या मारल्या. मी आणि मामी समोर उभ्या होतो. संध्याकाळपर्यंत आणखी एक डावा पंख तयार.

मला रडू आलं नाही, राग आला. कोणावर ते माहीत नव्हतं. चूक समोर दिसते आहे, ती कशी सुधारायची तेही माहीत आहे, आणि तरी तुमच्या हातात काही नाही. भांडायला कोणीतरी हवं होतं आणि कोणी नव्हतं.

मग मामी म्हणाल्या, "आपण बांधू." इतकी वर्षं त्या टेबलाभोवती केर काढता काढता त्यांनी काय काय बघून ठेवलं होतं, ते त्यांनाही ठाऊक नसावं. प्लॅनची झेरॉक्स काढून आणली, तेल चोळून माझ्या घरी टेबलावर पालथी घातली आणि पंखा बंद केला. मामा दुपारी झोपले की मामी वर यायच्या. आम्ही पट्ट्या कापल्या, बोटं चिकटवून घेतली, गोंद जरा सढळ हातानेच ओतला. वर रंगीत फिल्म चढवायची असते, इस्त्रीने ताणून. ती मामींनी साडीच्या इस्त्रीने इतकी सुरेख बसवली की कुठे सुरकुती म्हणून नाही. उजवा पंख झाला. खरोखरचा उजवा.

तो खाली नेऊन मामांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी उचलला, कडेवरून अंगठा फिरवला, कानाशी नेऊन टिचकी मारली.

"चांगलं काम आहे," ते म्हणाले. "पण माझं नव्हे."

"तुमच्या विमानाचा आहे," मामी म्हणाल्या. "जोडून बघा की."

"दुसऱ्याचा पंख मी कसा लावू? ज्याचा असेल त्याला देऊन टाका. तो शोधत असेल बिचारा."

मामींनी पंख पदराने पुसून कपाटावर ठेवला.

तरी आम्ही म्हटलं, मैदानावर नेऊ, तिथे गेल्यावर बघू. मामा दर रविवारी जात ते मैदान म्हणजे ओरगडमच्या कारखान्यांपलीकडची कोरडी एरी. एरी म्हणजे तलाव. उन्हाळाभर सपाट जमीन असते, आणि विमानं उडवणाऱ्या हौशी लोकांचा तिथे अड्डा जमतो. आम्ही ठरवलं आणि पाऊस सुरू झाला. इथला पाऊस दिवाळीच्या तोंडाला येतो आणि ठाण मांडून बसतो. एरी तुडुंब भरली. आता पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, वाट बघणं आलं. मी रोज ऑफिसातून येताना आभाळाला नावं ठेवायचे. त्याच दिवसांत मामांनी टेबलापाशी बसणं सोडलं. टाचण्यांची डबी कुठे आहे हे विचारणंही सोडलं. मला "मा" म्हणायचे, पण ते आता सगळ्यांनाच म्हणत.

मामा जाऊन आता वर्ष होत आलं. मामी मुलाकडे बेंगळुरूला असतात. फोनवर आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोलतो. पण तो रविवार तुम्हाला सांगायलाच हवा.

पोंगल झाला, एरी सुकली. मैदानावरचे त्यांचे जुने मित्र, एक निवृत्त रेल्वे गार्ड, गाडी घेऊन आले. विमान, त्याचा डावा पंख आणि आमचा उजवा त्यांनीच मागच्या सीटवर ठेवला आणि तिथे पोचल्यावर जोडलाही त्यांनीच. मामा जवळच खुर्चीवर बसून बघत होते, लग्नात दुसऱ्याच्या पंगतीकडे बघावं तसे. रिमोट त्यांच्या हातात दिला तर त्यांनी नम्रपणे परत केला. "तुम्हीच उडवा. मी बघतो."

विमान जमिनीवरून धावलं, जरा डगमगलं आणि उठलं. पिवळं धमक विमान, सकाळच्या उन्हात एवढं मोठं दिसत होतं. मी टाळ्या वाजवल्या. मामी वाजवत नव्हत्या. त्या विमानाकडे नव्हे, मामांच्या तोंडाकडे बघत होत्या.

मामा उठून उभे राहिले होते. डोळ्यांवर हात धरून ते विमानाबरोबर मान फिरवत होते आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना, मोजमाप घेणारा भाव आला होता. मामींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"फार चांगलं बांधलंय," मामा म्हणाले. "उजवीकडे किंचित ढळतंय, बघा. त्या पंखात गोंद जास्त झाला. बांधणाऱ्याला सांगा, डाव्या टोकाला थोडं वजन लाव म्हणावं."

"सांगते," मामी म्हणाल्या. मग अगदी हळू विचारलं, "कोणाचं आहे, ओळखलं का?"

मामांनी आणखी एक फेरी बघितली. मनापासून विचार केला, हे मला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि गाडीकडे वळले.

"चला, घरी जाऊ. दुसऱ्यांची बघत किती वेळ उभं राहायचं? माझं तसंच पडलंय, उजवा पंख राहिलाय."

विमान अजून वरच होतं. मामींनी त्यांचा हात धरला आणि दोघं गाडीकडे चालू लागले.